एमपीथ्रीटॅग रिव्ह्यू : मराठी गाण्यांचं कलेक्शन लावायचं असेल तर हेच घ्या

ज्यांची गाणी अजून हार्ड डिस्कवर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी स्ट्रीमिंग ॲप लावावं आणि सुखी राहावं. गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलेली माहिती (गाण्याचं नाव, गायक, अल्बम वगैरे), म्हणजे टॅग, बघायला आणि बदलायला विंडोजसाठी एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतल्या फ्लोरियन हायडेनराइश या माणसाने बनवलेलं आणि इतकी वर्षं नेटाने सांभाळलेलं. मॅकवालं व्हर्जन विकत घ्यावं लागतं. नावात एमपीथ्री असलं तरी फ्लॅक, एमफोरए, ऑग, ओपस, डब्ल्यूएमए सगळ्या प्रकारच्या फायली चालतात. दिसायला अगदी जुन्या सरकारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरसारखं आहे, पहिल्यांदा उघडल्यावर वाटतं हे काय आणलं घरी. पण मराठी गाण्यांचा ढीग ज्याच्याकडे आहे त्याला यापेक्षा कामाचं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही, आणि ते का हे जरा सविस्तर सांगतो, कारण नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू इंग्रजी अल्बम समोर ठेवून लिहिलेले असतात, आपली भानगड वेगळी आहे.

आधी टॅग नीट ठेवायचेच कशाला हा प्रश्न. माझ्याकडे बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी, काळाघोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेल्या सीड्यांवरून रिप केलेली (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, अजून तिकडून जाताना चुटपुट लागते), आणि कॉलेजच्या काळात कुठून कुठून डाउनलोड केलेली, असं सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर होतं. ती डिस्क एका पावसाळ्यात गचकली. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात रिकव्हरी करून घेतली, त्याने बिचाऱ्याने बरंचसं परत काढून दिलं पण फोल्डर नाही, फाइलची नावं नाहीत, नुसते लांबलचक नंबर. हजारो फायली आणि प्रत्येकीचं नाव एक आकडा! मी डोक्याला हात लावून बसलो होतो. पण टॅग हा फाइलच्या आतच लिहिलेला असतो, फाइल परत आली की तोही परत येतो. ज्या गाण्यांचे टॅग आधीपासून धड होते ती सगळी एमपीथ्रीटॅगमध्ये ओढली, ऑल्ट १ दाबलं, कुठल्या साच्यात नाव हवं ते सांगितलं, आणि चहा गाळून येईपर्यंत नावं परत जागेवर. साच्यात उलटी तिरकी रेघ दिली तर ते फोल्डरसुद्धा स्वतः बनवतं, आधी गायकाचं फोल्डर, त्यात अल्बम, त्यात गाणी. ज्यांचे टॅग नव्हते ती अजून एका फोल्डरमध्ये पडून आहेत, रविवारी एकेक ऐकून ओळखतो, आई शेजारी असेल तर दोन ओळींत नाटकाचं नाव सांगते.

टॅग म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९९६ च्या सुमारास एमपीथ्री फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी डकवायची पद्धत निघाली, तिला आयडी३ म्हणतात. तिच्यात गाण्याचं नाव ३० अक्षरं, गायक ३० अक्षरं, अल्बम ३० अक्षरं, वर्षाला ४, कॉमेंट आणि गाण्याच्या प्रकाराला थोडी जागा, बस. देवनागरी तर तिच्यात बसतच नाही. मग दुसरी आवृत्ती आली, तिची चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला असते, लांबीची अडचण नाही, युनिकोड म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतात, फोटो चालतो, संगीतकार गीतकार यांना वेगळे रकाने मिळतात. गंमत अशी की एकाच फाइलमध्ये दोन्ही चिठ्ठ्या असू शकतात आणि दोन्हीत वेगळा मजकूर असू शकतो, म्हणून एकच गाणं कॉम्प्युटरवर एका नावाने दिसतं आणि गाडीत अर्धवट तुटक्या नावाने किंवा नुसत्या प्रश्नचिन्हांनी. सेटिंगमध्ये एमपेगच्या पानावर कुठली चिठ्ठी वाचायची, कुठली लिहायची, कुठली पुसायची याच्या टिकमार्क आहेत. मी पहिली पुसतो आणि दुसरीचं २.३ हे व्हर्जन यूटीएफ १६ या युनिकोडच्या प्रकारात लिहितो. २.४ नवीन आहे पण गाडीतल्या जुन्या डेकना ते झेपत नाही.

आता रोजचं काम कसं चालतं. फोल्डर आत ओढायचं, उजवीकडे सगळी गाणी एक्सेलसारखी ओळीत येतात, डावीकडे एक पॅनल, त्यात टायटल, आर्टिस्ट, अल्बम, वर्ष, ट्रॅक नंबर वगैरे रकाने. एक गाणं निवडलं तर त्याची माहिती दिसते, पण खरी मजा सगळी एकदम निवडल्यावर. जिथे सगळ्यांची माहिती सारखी आहे तिथे ती दिसते, जिथे वेगवेगळी आहे तिथे कोनी कंसात कीप असं येतं, म्हणजे आहे ते तसंच राहू दे. तिथेच ड्रॉपडाउनमध्ये ब्लँक आहे, तो निवडला की सगळ्यांचं पुसलं जातं. अल्बमचं नाव एकदा टाइप करायचं, कंट्रोल एस, सगळ्यांना लागलं. नवख्याने एक सांभाळायचं, सगळी निवडलेली असताना टायटलच्या रकान्यात काही टाइप करून सेव्ह करायचं नाही, नाहीतर अख्ख्या फोल्डरचं एकच नाव होतं. झालंच तर घाबरू नका, कंट्रोल झेड आहे, पण सॉफ्टवेअर बंद करायच्या आधी.

डाउनलोड साइटवाल्यांनी तर उच्छाद मांडलेला असतो. गाण्याच्या नावात साइट, अल्बमच्या नावात साइट, कॉमेंटमध्ये साइट, गायकाच्या जागी साइट, आणि कव्हरच्या जागी साइटचा लोगो. ऑल्ट टी दाबलं की फाइलमधले सगळे लपलेले रकाने उघडे पडतात, बघा एकदा, काय काय कोंबलेलं असतं ते बघून हसायला येईल. हे एकेक पुसत बसायचं नाही. फाइलच्या नावात गाण्याचं नाव बरोबर असेल आणि मागे साइटचं शेपूट असेल तर ऑल्ट २, आणि साच्यात शेपटाच्या जागी दोन टक्क्यांच्या खुणांमध्ये इंग्रजीत डमी असं लिहायचं. डमी म्हणजे हा तुकडा वाचा आणि फेकून द्या. खाली लगेच नमुना दिसतो की असं असं होईल, म्हणजे आंधळेपणाने ओके दाबायला लागत नाही. आणि रोज लागणारी साफसफाई ॲक्शन म्हणून सेव्ह करून ठेवायची, हा शब्द दिसला तर काढ, कॉमेंट पुस, पुढची मागची स्पेस काप. नवीन फोल्डर आलं की ऑल्ट ६, टिक, ओके.

मागची स्पेस ऐकून हसू नका. फोनवर आशा भोसले दोनदा दिसतायत आणि दोन्ही नावं हुबेहूब सारखी, तर नव्वद टक्के वेळा एकीच्या नावाच्या शेवटी एक रिकामी जागा असते. डोळ्यांना दिसत नाही, प्लेअरला दिसते. रोमन स्पेलिंगचा घोळ तर विचारू नका, भोसले मध्ये एन घालून आणि न घालता, फडके पीएचने आणि एफने, सुधीर एका आयने आणि दोन ईने, पंडितजींच्या आधी कधी पीटी टिंब, कधी पीटी नुसतं, कधी पूर्ण पंडित. एक भीमसेन जोशी आणि माझ्या फोनमध्ये त्यांची अर्धी बैठक भरेल इतकी रूपं होती. यावर उपाय म्हणजे आर्टिस्टच्या कॉलमवर क्लिक करून यादी त्या क्रमाने लावायची, सगळी भावंडं जवळजवळ येतात, निवडायची आणि एकच नाव ठोकायचं. खाली फिल्टरची पट्टी आहे, एफ ३ ने उघडते, तिथे इंग्रजीत आर्टिस्ट ॲबसेंट लिहिलं की ज्यांना गायकच नाही तेवढीच अनाथ गाणी समोर येतात.

आता मुख्य मुद्दा, ऑटोमॅटिकचा. लोक म्हणतात हाताने कशाला करतोस, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापर, ते गाणं ऐकून ओळखतं. पिकार्ड वाईट आहे असं अजिबात म्हणणं नाही. तेही फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि अकाउस्टआयडी नावाच्या पद्धतीने गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून डेटाबेसशी जुळवतं, फाइलचं नाव काहीही असो. इंग्रजी अल्बम टाका, पटापट जुळतात, अल्बम पूर्ण भरला की चकतीचं चित्र सोनेरी होतं, बघायला भारी वाटतं. गाजलेली हिंदी सिनेमाची गाणीही बऱ्यापैकी. पण भावगीतं, नाट्यपदं, अभंग टाकले की गाडी अडते, कारण डेटाबेसमध्ये कुणीतरी भरलेलं असेल तरच ते सापडणार ना, आणि मराठी किती लोक भरतायत? त्याहून वाईट म्हणजे अर्धवट सापडणं. एकच गाणं कंपनीने दहा वेगवेगळ्या बेस्ट ऑफ, गोल्डन कलेक्शन, सदाबहार वगैरे नावांनी काढलेलं असतं, पिकार्ड त्यातलं कुठलंतरी एक पकडतं, आणि तुमचा एक धड अल्बम सात अल्बममध्ये विखरून टाकतं, प्रत्येकात एक किंवा दोन गाणी. वर्ष पण त्या सीडीचं, मूळ रेकॉर्डिंगचं नाही, म्हणजे पन्नासच्या दशकातलं गाणं २००० नंतरचं होऊन बसतं. एमपीथ्रीटॅगमध्येही म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज या अल्बमच्या माहितीच्या साइटवरून माहिती ओढायची सोय आहे (डिस्कॉग्जला अकाउंट लागतं), पण तिथे अल्बम तुम्ही निवडता आणि गाणी समोरासमोर ठेवून हो म्हणता, ते आपोआप काही करत नाही. मला हेच आवडतं. ज्यांच्या डिस्कवर मुख्यतः इंग्रजी आहे त्यांनी खुशाल पिकार्ड घ्या.

कारण आपल्याकडे आर्टिस्ट कोण हेच आधी ठरवावं लागतं आणि ते कुठलंही मशीन ठरवून देणार नाही. इंग्रजी बँडचं सोपं, बँडचं नाव तेच आर्टिस्ट, विषय संपला. आपण गाणं कशावरून आठवतो? कधी गायकावरून, कधी संगीतकारावरून, आणि मराठी माणूस तर कवीवरूनही. मी बऱ्याच खटपटीनंतर जे पक्कं केलं ते असं: आर्टिस्टमध्ये फक्त गायक, कंपोझरमध्ये संगीतकार, गीतकाराला त्याचा स्वतःचा रकाना, आणि अल्बम आर्टिस्ट हा जो वेगळा रकाना आहे त्यात सिनेमा असेल तर संगीतकार, शास्त्रीय असेल तर मुख्य कलाकार, संमिश्र सीडी असेल तर सगळ्यांना एकच काहीतरी, मी संकलन लिहितो. हा अल्बम आर्टिस्ट लोक रिकामा सोडतात आणि मग रडतात की एका सिनेमाचे फोनमध्ये पाच अल्बम का झाले. पाच गायक म्हणून पाच झाले! अल्बम आर्टिस्ट सगळ्यांना सारखा द्या, एक होतात. द्वंद्वगीत असेल तर दोन गायकांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ दोनदा द्यायची, म्हणजे एमपीथ्रीटॅग त्यांना दोन वेगळी नावं धरतं, मात्र सगळे प्लेअर ते मानतीलच असं नाही, तुमचा मानतो का ते एका गाण्यावर तपासून घ्या.

शास्त्रीयसाठी मी राग नावाचा स्वतःचा रकाना बनवलाय. कॉलमच्या डोक्यावर राइट क्लिक, कस्टमाइझ कॉलम्स, नवीन, नाव द्या, झालं. ताल पण तसाच. आता यादी रागाच्या क्रमाने लावली की सगळे यमन एका खाली एक. फोनवरचे प्लेअर हा घरगुती रकाना वाचत नाहीत, म्हणून तोच मजकूर जॉनरमध्येही (गाण्याच्या प्रकाराचा रकाना) उतरवतो, टॅगमधून टॅगमध्ये कॉपी करायला ऑल्ट ५ आहे. शुद्धतावादी म्हणतील यमन हा जॉनर आहे का? नसेल. पण रात्री मुलुंडला उतरून रिक्षाच्या लायनीत उभं असताना जॉनर उघडून मारवा नाहीतर पूरिया निवडता येतो, मला तेवढं पुरे.

आणि ज्यासाठी मी या सॉफ्टवेअरवर खरंच फिदा आहे ती सोय बहुतेकांना माहीतच नसते, ऑल्ट ४, टेक्स्ट फाइलमधून टॅग. गीतरामायण घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींनी सादर केलेली ५६ गीतं. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलेली, आणि पुढे सुधीर फडक्यांनी सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली, म्हणजे दोन वेगळे संच, आणि लोकांच्या डिस्कवर ते एकमेकांत मिसळलेले. माझ्याकडच्या बाबूजींच्या संचात फाइलची नावं नुसती ट्रॅक १, ट्रॅक २ अशी, आणि त्यातही एकाच्या पुढे शून्य नसल्यामुळे काही प्लेअरवर १ नंतर १०, मग ११, आणि २ कुठेतरी खाली. रामजन्माआधी वनवास! तर नोटपॅडमध्ये ५६ नावं देवनागरीत एकाखाली एक लिहिली, फाइल यूटीएफ ८ ने सेव्ह केली, एमपीथ्रीटॅगमध्ये गाणी त्याच क्रमाने लावली, ऑल्ट ४, आणि ५६ नावं एका फटक्यात चढली. मग कंट्रोल के ने नंबर, त्यात पुढे शून्य लावायची टिक आहे ती लावायची. छापील पुस्तक समोर ठेवून यादी केली तर शुद्धलेखन पण बरोबर राहतं. एक मात्र बघा, ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं, मग सर्चमध्ये गाणं सापडत नाही. म्हणून एकच कीबोर्ड धरायचा, विंडोज १० पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, मी तोच वापरतो.

देवनागरी की रोमन यावर माझं मत असं की गाण्याचं नाव देवनागरीत, गायकाचं काय सोयीचं वाटेल ते पण सगळीकडे एकच. फोनवर काही अडचण येत नाही. मी मुझिकोलेट नावाचं प्लेअर ॲप वापरतो, फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट मागतच नाही, त्यामुळे गाडीत दोन स्टेशनांच्या मध्ये रेंज गेली तरी गाणं थांबत नाही. अडचण येते ती कारच्या जुन्या डेकवर, तिथे देवनागरीच्या जागी चौकोन चौकोन.

कव्हर फोटोबद्दल एकच, मोठा फोटो टाकू नका. तो प्रत्येक गाण्याच्या आत वेगळा जाऊन बसतो. ३ एमबीचा फोटो ५६ गाण्यांना लावला तर १६८ एमबी नुसत्या फोटोचे, त्यात कितीतरी गाणी मावली असती. ५०० किंवा ६०० पिक्सेलचा चौकोनी जेपेग पुष्कळ झाला, आणि आधीच मोठे बसलेले असतील तर ॲक्शनमध्ये फोटो लहान करायची सोय आहे.

तक्रारी आहेत. आत प्लेअर नाही, गाणं ऐकायचं तर बाहेरचा प्लेअर उघडतो, आणि अनोळखी गाणी ओळखत बसताना दर वेळी खिडक्या बदलणं वैताग आणतं. आवाजावरून ओळखायची सोय नाही, ते पिकार्डकडेच. एकच गाणं दोनदा आहे का हे नीट शोधून देत नाही. साच्यांची भाषा शिकायला सुरुवातीला वेळ जातो, ज्यांना फॉर्म्युला बघून घाम फुटतो ते दुसऱ्याच दिवशी सोडून देतील. डब्ल्यूएव्ही फायलींना टॅग लावता येतात पण कितीतरी प्लेअर ते वाचतच नाहीत, त्या फ्लॅकमध्ये बदलून घ्या, आवाजात काही कमी होत नाही. लिनक्सवाल्यांनी किड३ बघा, साधारण याच धाटणीचं आहे. एकूण पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो आतल्या प्लेअरसाठी, दिसण्यासाठी नाही.

जाता जाता गणपतीचं. सोसायटीत आरत्यांचा पेनड्राइव्ह करायचं काम दर वर्षी माझ्याकडे येतं, आणि टॅग, ट्रॅक नंबर सगळं चोख असूनही साउंडवाल्याच्या मिक्सरवर सुखकर्ता मधेच आणि मंत्रपुष्पांजली आधी. यात एमपीथ्रीटॅगचा दोष नाही, असे स्वस्त प्लेअर टॅग बघतच नाहीत, बरेचसे नावही बघत नाहीत, पेनड्राइव्हवर फायली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह फॅट ३२ ने फॉरमॅट करा, नावापुढे ०१, ०२ लावा, आणि एकतर एकेक करून क्रमाने कॉपी करा किंवा ड्राइव्हसॉर्ट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर मिळतं त्याने क्रम लावून घ्या. आणि पेनड्राइव्हवर आरत्यांशिवाय दुसरं काही ठेवू नका, शेवटची आरती संपली की प्लेअर पुढचं जे असेल ते लावतो.